चार वाजताची भिंत

आमच्या घरात मोठ्या बातम्या जेवताना सांगायची पद्धत आहे, कारण तेव्हा समोरच्याचं तोंड भरलेलं असतं आणि त्याला लगेच बोलता येत नाही. माझ्या मुलाने तेच केलं. मी पहिला घास तोंडात घातल्याबरोबर तो म्हणाला, "अण्णा, मी साहेबकी सोडली. पुढच्या महिन्यापासून अर्धा दिवस कामाला जाणार. दुपारी घरी. पगारही अर्ध्यावर येईल."

घास गिळता गिळता मी सुनेकडे पाहिलं. ती शांतपणे पेल्यात पाणी ओतत होती. म्हणजे हे नवरा-बायकोचं आधीच ठरून झालेलं होतं आणि मला नुसतं कळवण्यात येत होतं. म्हातारपणी माणसाला कळवतात, विचारत नाहीत.

"वेड लागलंय का तुला?" मी म्हणालो. "लोक वर चढायला धडपडतात आणि तू जिना उतरतोयस!"

"उतरतोय खरा," तो म्हणाला. "वर घरचं कोणी भेटेना, अण्णा."

माझा मुलगा रंगाच्या कारखान्यात रंग जुळवतो. कोणी जुन्या दाराची ढलपी घेऊन येतं, कोणी फुटकी फरशी, कोणी वारलेल्या आईच्या शालीचा तुकडा. असाच रंग हवा म्हणतं, आणि हा हुबेहूब तसा करून देतो. या कामात त्याने नाव काढलं. मग तो त्या खात्याचा साहेब झाला आणि तेव्हापासून रंग राहिले बाजूला, मीटिंगा आणि फोन जुळवत बसला. पोरगी उठायच्या आत जायचा, ती झोपल्यावर यायचा. रविवारी दुपारी आतल्या खोलीत पडदे ओढून आठवड्याची झोप वसूल करायचा.

त्याच्या जागी आता त्याच्याच हाताखालचा एकजण बसणार होता. त्याला सगळे गॉगल म्हणतात, कारण तो मोटरसायकलवर काळा गॉगल लावून येतो. रंग जुळवणाऱ्याने काळा गॉगल लावणं म्हणजे आचाऱ्याने नाकाला चिमटा लावण्यासारखं आहे, पण असो.

"कानामागून आला आणि तिखट झाला," मी म्हणालो.

"तिखट कसला, घाबरून अर्धा झालाय बिचारा," मुलगा म्हणाला आणि हसला. फार दिवसांनी हसला, म्हणून मी पुढचं बोलणं घासाबरोबर गिळलं.

हे सगळं कशावरून झालं ते मला ठाऊक होतं. आमची नात, जिला आम्ही भिंगरी म्हणतो कारण ती चालत अशी कधी नाहीच, तिने एका रविवारी बापाला पाणी आणून दिलं. ट्रेमधून आणलं, पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासात, आणि अगदी अदबीने विचारलं, "आज जेवायला थांबणार आहेस का?" तिच्या मनात काहीसुद्धा वाकडं नव्हतं. मी खो खो हसलो. तो हसला नाही. तो सगळं पाणी सावकाश प्यायला, त्याने ग्लास ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाला, "हो, थांबणार आहे."

मला त्याचं दुःख आधी नीट कळलंच नाही, खरं सांगतो. मी शिंपी. राहत्या खोलीतच माझी मशीन होती आणि हा त्या मशीनखाली वाढला, रिळांचे बुरूज रचत. कापडाला दोरा जुळवायचा असला की मी त्याला रीळ देऊन दारात पाठवायचो, कारण दिव्याखाली निळा आणि काळा एकच दिसतात. तो दारातल्या उजेडात दोरा कापडावर धरून ओरडायचा, "अण्णा, हा नाही!" त्याचा डोळा तिथे तयार झाला. बाप म्हणजे घरात असायचाच, मशीन असते तसा, एवढंच मला माहीत.

आणि आणखी एक सांगून टाकतो. तो दुपारी घरी येणार हे मला आवडलं नव्हतं. दुपार आमची होती, भिंगरीची आणि माझी.

ती आमची कशी होती ते सांगायला भिंतीपासून सुरुवात करायला हवी. बैठकीच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीसमोर एक मोठी मोकळी भिंत आहे. हे घर घेतलं तेव्हा मुलाने त्या भिंतीचा रंग स्वतः कारखान्यात बनवून आणला. राखाडी. बाजारात इतके रंग असताना आणि घरात रंगांचा एवढा जाणकार असताना राखाडी! सून म्हणाली, "दवाखान्यात दिवसभर बसते, आता घरीही दवाखाना." ती दातांच्या डॉक्टरकडे काउंटर सांभाळते. त्यावर मुलाने समजावलं की रंग बघून बघून डोळा लाडावतो, समोर ठेवाल ते खरं मानायला लागतो. म्हणून दोन नमुन्यांच्या मध्ये त्याला राखाडी कागदावर नेऊन बसवावं लागतं, तेव्हा कुठे तो भानावर येतो. त्याला घरीही अशी जागा हवी होती. ठीक आहे, म्हटलं. घर त्याचं, डोळे त्याचे.

पण त्याने ती भिंत कधी दुपारी पाहिली नव्हती.

चारच्या सुमाराला समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून ऊन आत येतं. थेट येत नाही, पलीकडच्या काचेच्या इमारतीवर आपटून, हिरवटसर होऊन येतं. ते भिंतीवर पडलं की भिंत आधी गुलाबी व्हायची, लहान मुलाच्या कानाच्या पाळीसारखी. गुलाबी कधी संपलं ते कळायचं नाही, पण जांभळं सुरू झालेलं असायचं. आणि मग सगळी भिंत एकदम खोल, थरथरत्या हिरव्या-निळ्या पाण्याची व्हायची. समोरच्यांच्या दोरीवरचे शर्ट, मोजे, उशांचे अभ्रे यांच्या सावल्या त्या पाण्यातून पोहत जायच्या.

"पाणी आलं!" भिंगरी म्हणायची, आणि मग बोलायला बंदी. पाण्याखाली बोललं की माणूस बुडतो, हा नियम. गाल फुगवून, हातवारे करून सगळं सांगायचं. चालायचं ते तरंगत चालायचं. माझी आरामखुर्ची म्हणजे होडी, पण बुडालेली, त्यामुळे मला तिच्यातून उठायची गरज नव्हती. हा नियम मी करून घेतला होता. ती माझ्याभोवती हात हलवत पोहायची, मी डुलत असायचो, आणि पुष्कळदा खेळ कुठे संपला नि माझं स्वप्न कुठे सुरू झालं ते मला सांगता यायचं नाही. त्या वेळात मी माझ्या गेलेल्या बायकोलाही एक-दोनदा त्या भिंतीतून जाताना पाहिलं. ती शर्टांच्या मागून गेली, घाईत होती, नेहमीसारखी.

मग ऊन सरकायचं, भिंत पुन्हा राखाडी व्हायची, आणि आम्ही दोघं श्वास सोडून बिस्किटं खायचो.

तर या आमच्या दुपारी एके दिवशी मुलगा येऊन बसला. भिंगरी शाळेतून आली, दारातच थबकली आणि म्हणाली, "तुला बरं नाही का?"

"बरा आहे की. आता मी रोज दुपारी घरी असणार."

"रोज?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

नव्याचे नऊ दिवस, मला वाटलं, कंटाळून जाईल परत. पण तो रोज यायचा. तिचं दप्तर जागेवर ठेवायचा, त्यामुळे तिला ते सापडायचं नाही. माझ्या खुर्चीखाली उशी सरकवायचा, त्यामुळे माझी झोप मोडायची. तिला विचारायचा, "शाळेत काय केलं?" ती म्हणायची, "काही नाही." मग दोघं शेजारीशेजारी, बसची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांसारखी बसायची. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. त्याच्यासमोर गाल फुगवायला आम्हाला लाज वाटत होती. भिंत आपली रोज पलटायची, आम्ही दोघं चोरून बघायचो आणि मूग गिळून गप्प बसायचो.

पहिले काही दिवस त्याचं लक्ष गेलं नाही. तो त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी लावत असायचा. मग एकदा चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि दारातच उभा राहिला. भिंत नुकती जांभळी व्हायला लागली होती.

"अरे देवा," तो म्हणाला.

भिंगरी ताठ बसली. मला वाटलं, आता याला दिसेल.

"हा तर पलटतोय!" त्याचा चेहरा पडला होता. "अण्णा, तुम्ही मला सांगितलं नाहीत कधी? केवढी मोठी चूक! दिव्याखाली जुळवला आणि उन्हात पार फिरला. गिऱ्हाइकाने असा डबा परत आणला असता तर मी तोंड लपवलं असतं."

"आम्हाला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो. भिंगरीने माझा हात दाबला. आमचं गुपित आमच्यापाशी राहिलं आणि त्या क्षणी मला त्याचं बरंच वाटलं.

पुढच्या आठवड्यात सून मला गुडघा दाखवायला डॉक्टरकडे घेऊन गेली. सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ तिथेच गेला. परत आलो तर जिन्यातच रंगाचा वास. मुलाने सुट्टी टाकली होती. फर्निचर मधोमध ओढून त्यावर चादरी टाकल्या होत्या, भिंत पॉलिश पेपरने घासून तिला दोन हात मारून झाले होते, आणि तो स्वतः केसांपासून पायापर्यंत राखाडी होऊन आनंदाने रोलर धूत होता. भिंगरी आली तेव्हा त्याने तिला खांद्याला धरून भिंतीसमोर उभं केलं.

"आता गंमत बघ," तो म्हणाला. "चार वाजले की बघ."

ऊन आलं. भिंत राखाडी राहिली. शर्टांच्या सावल्या आल्या आणि त्या नुसत्या शर्टांच्या सावल्या होत्या.

"बघितलंस? तसूभर हलत नाही!" त्याला इतका आनंद झाला होता की मला त्याच्याकडे बघवेना. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

भिंगरीने बूट काढले, एकाशेजारी एक नीट ठेवले. ती कधी बूट नीट ठेवत नाही. मग आत जाता जाता तिने विचारलं, "बाबा, तू पुन्हा कामावर कधी जाणार?"

संध्याकाळी गॅलरीत तो हात टर्पेंटाइनने पुसत बसला होता. मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. गुलाबी, जांभळं, पाणी, बोलायची बंदी, बुडालेली होडी. त्याच्या आईचं मात्र नाही सांगितलं, ते माझं होतं. सुरुवातीला तो हसत ऐकत होता. मग त्याने चिंधी खाली ठेवली.

"रोज खेळायचात?"

"रविवार सोडून."

"आणि मी तिथे बसलो होतो तेव्हा?"

"तेव्हा नाही."

त्याने चिंधी पुन्हा उचलली आणि पुसून झालेली बोटं एकेक करून पुसायला घेतली. त्याला मी लहानपणी मारलं नव्हतं कधी, पण तेव्हा मारल्यासारखं वाटलं मला.

"आज मालकांचा फोन होता," तो म्हणाला. "गॉगलला झेपत नाहीये. मला पुन्हा साहेब म्हणून बोलावतायत, आधीच्यापेक्षा जास्त देतो म्हणाले. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी फोन करतील, तेव्हा हो की नाही ते सांगायचं."

"मग?"

"मग काय? तिच्यासाठी सोडलं होतं, अण्णा. तिला मी नकोच असेन तर कशाला? पगारही गेला आणि तिची दुपारही मीच घालवली."

आत सून कपडे पिळत होती, कारण वॉशिंग मशीन बंद पडलं होतं आणि दुरुस्तीचं आम्ही पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. तिने तिथूनच सांगितलं, "माझं हे पिळणं बघून ठरवू नकोस काही. पण मला वाईट वाटत नाही असंही समजू नकोस." तिचं बोलणं असंच, दोन्ही बाजूंनी शिवलेलं.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातून एक छोटा डबा घेऊन आला आणि भिंतीच्या मधोमध उशीएवढं ठिगळ रंगवून बसला. तिसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरं. जुन्या रंगात घातलेली एक पिगमेंटची पूड आता बाजारातच मिळत नव्हती, त्यामुळे ती चूक पुन्हा करणं अवघड होऊन बसलं होतं. ज्या माणसाने जन्मभर रंग पलटू नये म्हणून डोळ्यांत तेल घातलं, तो आता पलटणारा रंग शोधत होता. गॉगल घाबरून त्याला म्हणाला म्हणे, "साहेब, तुमची तब्येत बरी आहे ना?" आता साहेब गॉगल होता, तरी तो यालाच साहेब म्हणायचा. शेवटी दोघंही कामं आटोपल्यावर कुठला दिवा लावला की राखाडी फितूर होतो ते बघत बसायचे. भिंतीला ठिगळांनी नायटा झाल्यासारखं दिसायला लागलं. सून म्हणाली, पाहुण्यांना सांगू, ओल आली आहे.

भिंगरी यातल्या कशाकडे बघत नव्हती. शाळेतून यायची, ठिगळांना पाठ करून बसायची आणि चित्राच्या वहीत मुद्दाम काळ्या खडूने घरं काढायची. मला वाटलं, गेलं. रंगाचा बेरंग झाला तो झालाच. मलाही त्या दिवसांत दुपारी झोप लागेना. नुसते डोळे मिटून पडायचो.

आणि एक दिवस ती पाठमोरीच म्हणाली, "हा नुसता हिरवाच होतोय. आधी गुलाबी यायला लागतं."

मुलाचा ब्रश हवेत राहिला. त्याने वळून पाहिलं नाही. शहाणा आहे तसा. "गुलाबी कसलं?" त्याने भिंतीलाच विचारलं. "गुलाबासारखं की जिभेसारखं?"

ती विचारात पडली. "आजोबांच्या टाचेसारखं."

इतक्या वर्षांत माझ्या टाचांकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. मी त्या हळूच चादरीत ओढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशीच्या ठिगळात टाचा होत्या. भिंगरी वळून बसली. चारला ऊन आलं तेव्हा मुलाने नेहमीप्रमाणे एकदा चटकन भिंतीकडे बघितलं, नजर वळवली, हातातल्या राखाडी कागदाकडे पाहिलं, पुन्हा चटकन भिंतीकडे. कामावर ते असंच बघतात. पहिल्या नजरेला जो फरक दिसतो तो खरा, नंतर डोळा आपली समजूत घालतो.

"असं करून नाही दिसत," भिंगरी म्हणाली. "तू पळतोस."

"कुठे पळतो?"

"डोळ्यांनी पळतोस. बघत राहावं लागतं. कंटाळा आला तरी." तिने त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि त्याच्यावर बसली.

मग तो बघत राहिला. मीही एका डोळ्याने बघत होतो, त्याच्याकडे. आधी त्याचे खांदे वर होते, कुठल्याही क्षणी कोणी हाक मारील असे. हळूहळू ते खाली आले. तोंड थोडं उघडं पडलं. मशीनखाली रिळं लावता लावता त्याचं तोंड असंच उघडं राहायचं. त्या दिवशी ठिगळ गुलाबी झालं, जांभळ्यापर्यंत गेलं आणि तिथेच अडकलं. "जवळ आलंय," भिंगरी म्हणाली. "पण आत पाणी नाही. उद्या थोडं निळं घाल. सांडल्याएवढंच."

त्यानंतरच्या दुपारी मला आता एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. ऊन यायचं, ठिगळं एकेक करून रंग बदलायची, कुठलं कुठे थांबायचं. दोघं जमिनीवर पाय पसरून बसलेली असायची आणि फार थोडं बोलायची. कधी ती त्याला शाळेतलं काही सांगायची, न विचारता. वर्गातल्या एका मुलीचा दात कसा पडला आणि तो दिवसभर कसा सापडलाच नाही, असलं. तो ऐकायचा आणि भिंतीकडे बघायचा. मी डोळे मिटून पडलेलो असायचो आणि त्यांचं बोलणं माझ्या कानांवरून वाहत जायचं. मला त्यात कोणी ओढत नव्हतं. माझ्या होडीचा विषयही निघत नव्हता.

शुक्रवार आला. मुलाने कपाळावर आठी घालूनच नवं ठिगळ रंगवलं, दाराएवढं मोठं. फोन आतल्या खोलीत पलंगावर ठेवून आला. मला वाटतं, काय बोलायचं ते त्याचं ठरलं नव्हतं. पोरगी गुण्यागोविंदाने बसायला लागली होती हे खरं, पण ती रंगासाठी बसते की त्याच्यासाठी, हे त्याला कळत नव्हतं आणि मलाही कळत नव्हतं. एकदा रंग जुळला की ती उठून आपल्या कामाला जाईल, अशी भीती मला त्याच्या पाठीवर दिसत होती. ज्याने आयुष्यभर पाठींची मापं घेतली त्याला पाठ वाचता येते.

त्या दिवशी शाळेत धावण्याच्या शर्यती होत्या. भिंगरी लालबुंद होऊन आली, गुडघ्याला पट्टी, कितवी आली ते सांगितलं नाही. बापाशेजारी बसली, भिंतीकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचं डोकं कललं. आधी त्याच्या दंडाला लागलं, मग घसरून मांडीवर आलं. तोंड उघडं, एक हात त्याच्या गुडघ्यावर. भिंगरी थांबली होती.

तो जागच्या जागी गोठला. ती त्याच्या अंगावर झोपी गेलेली आम्ही ती रांगत होती तेव्हापासून पाहिली नव्हती.

आणि तेव्हाच ऊन आलं. दाराएवढं ठिगळ गुलाबी झालं, टाचेसारखं. मग जांभळं. ते थांबलं नाही. आतून काहीतरी उकलत गेलं आणि सगळं खोल, हिरवं-निळं, हलतं झालं. समोरच्या दोरीवरून एक पांढरा सदरा त्यात उतरला आणि बाह्या पसरून सावकाश निघून गेला. मी श्वास रोखला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी येऊ दिलं.

मुलाने तिला उठवायला हात उचलला. तिच्या केसांपर्यंत नेला. तिथेच ठेवला, हवेत. मग माझ्याकडे पाहिलं, मी काय करू, असं. मी डोळे मिटून घेतले. काही गोष्टी बापाला विचारायच्या नसतात.

डोळे उघडले तेव्हा भिंत राखाडी झाली होती आणि त्याचा हात तिच्या केसांवर होता.

ती उठली, डोळे चोळले, भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "आलं?"

"येऊन गेलं," तो म्हणाला.

"सगळं? पाणीपण?"

"पाणीपण."

"आणि तू मला उठवलं नाहीस!" तिचा ओठ थरथरला. आता रडणार, मला वाटलं, आता सगळं पुन्हा मुसळ केरात. तो बिचारा तोंड उघडून बसला होता. "तू झोपली होतीस," एवढंच कसंबसं म्हणाला.

तिने थोडा वेळ त्याच्याकडे रागाने बघितलं. मग जांभई आली, आणि जांभई आली की तिचा राग टिकत नाही. "बरं," ती म्हणाली. "उद्या झोपले तर उठव. विसरू नकोस." आणि पुन्हा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून, पाय पोटाशी घेऊन झोपून गेली. तो उद्या असेल की नाही हे विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

आत फोन वाजायला लागला. मुलाला हलता येत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांनीच म्हणाला, "अण्णा, तुम्ही घ्या ना."

मी होडीतून उठलो. गुडघा कुरकुरला. आत गेलो, फोन उचलला. मालक फार सभ्यपणे बोलत होते. साहेब आहेत का, काय ठरवलं त्यांनी, असं विचारत होते.

"नाही यायचा तो," मी म्हणालो. "उद्या दुपारी त्याला पोरीला उठवायचंय."

"उद्या? मग सोमवारपासून येऊ दे की."

"सोमवारीही उठवायचंय," मी म्हणालो.

मालक काहीतरी बोलत राहिले, मी हं हं करत राहिलो, आणि शेवटी फोन ठेवला. बाहेर जायला वळलो तर दारातून ती दोघं दिसली. तो मागच्या भिंतीला टेकला होता, डोळे मिटून, आणि तिचा श्वास त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत होता. मी दारातूनच मागे फिरलो आणि आतल्या पलंगावर आडवा झालो. बराच वेळ वाट पाहिली. बाहेरून कोणी मला हाक मारली नाही. मला त्याचं वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं.